इंग्रजी अमदानीतले सरकारी कागद शोधायचे आहेत? इथून सुरुवात करा

जुने कागद शोधायला निघालेला माणूस रेकॉर्ड रूममध्ये शिरतो आणि विचारतो, "आमच्या पणजोबांचे नाव कुठे मिळेल?" प्रश्न रास्त आहे, पण समोरच्या कारकुनाला त्याचे उत्तर देता येत नाही, कारण तिथले एकही दप्तर पणजोबांच्या नावाने लावलेले नसते. दप्तरे लागतात ती खात्याने, गावाने, सालाने आणि जावक नंबराने. म्हणून प्रश्न फिरवून विचारायचा: पणजोबांचे नाव लिहून ठेवायची गरज त्या काळी कोणत्या अंमलदाराला पडली असेल, कशापायी, आणि तो कागद त्याने पुढे कोणाकडे धाडला असेल? या तीन प्रश्नांची उत्तरे जमली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे धुळीचे आणि चिकाटीचे.

शोधणाऱ्यांची गर्दी सध्या वाढली आहे ती मुख्यतः जातपडताळणीमुळे. मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे प्रवर्गागणिक ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. बाकीचे येतात ते जमिनीच्या वादापायी, इनामापायी, नाहीतर निव्वळ गावाच्या इतिहासाच्या ओढीने. वाट सगळ्यांची सारखीच.

आधी गाव कोणाच्या अमलात होते ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग भलत्याच कचेरीत महिने घालवतात. आजचा महाराष्ट्र १९६० चा. त्याआधी याच भूमीवर निदान चार तऱ्हेचे कारभार चालले आणि प्रत्येकाचे कागद निराळे.

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकण मुंबई इलाख्यात. खानदेश, नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, सातारा, ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी हे त्यातले मराठी जिल्हे, शिवाय मुंबई शहर. जिल्ह्यांच्या हद्दीही हलत राहिल्या. नाशिक जिल्हा १८६९ चा, खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते १९०६ मध्ये. तासगाव किंवा वाळवा आज सांगली जिल्ह्यात आहेत, पण तिथले इंग्रजी कागद साताऱ्याच्या नावावर मिळतील. आणि खुद्द साताऱ्यात छत्रपतींचे राज्य खालसा झाले ते १८४८-४९ मध्ये. त्याआधीचा कारभार कंपनीच्या कलेक्टराचा नव्हे.

विदर्भाचे दोन तुकडे. नागपूरचे राज्य खालसा होऊन तो मुलूख १८६१ मध्ये मध्यप्रांतात गेला. तिथे मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरी, म्हणून कागदांना खसरा, बंदोबस्त मिसल, वाजिब-उल-अर्ज अशी नावे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने कंपनीच्या हवाली केला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. तिथली जमीनमोजणी मात्र मुंबईच्या धर्तीवर, रयतवारीची, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथे कागद उर्दू, त्याआधी फारसी. अंमलदार कलेक्टर नव्हे, अव्वल तालुकदार. आणि संस्थाने तर सगळीकडे पसरलेली: कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, जव्हार, जंजिरा, सावंतवाडी. सांगली-मिरजेसारख्या संस्थानांची गावे इतकी विखुरलेली होती की शेजारशेजारच्या दोन गावांत एक इंग्रजी आणि एक संस्थानी, असे सहज आढळते.

गाव कुठे बसते हे पाहायला मुंबई इलाख्यासाठी सगळ्यात सोपे साधन म्हणजे जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेली इलाख्याची गॅझेटिअर मालिका. ती १८७७ पासून पुढे छापली गेली. खानदेशचा बारावा खंड, नाशिकचा सोळावा, नगरचा सतरावा, पुण्याचा अठरावा आणि तोही तीन भागांत, साताऱ्याचा एकोणिसावा, सोलापूरचा विसावा, कोल्हापूरचा चोविसावा. सगळे खंड इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात तालुक्यांची फेरबदल-कथा दिलेली असते. ती आधी वाचा, मग एसटी पकडा.

कागदाची शिडी समजून घ्या

ब्रिटिश महसुली कारभाराची शिडी अशी: गावात पाटील आणि कुलकर्णी, तालुक्याला मामलेदार, छोट्या पेट्याला, म्हणजे तालुक्याच्या भागाला, महालकरी, तीन-चार तालुक्यांवर असिस्टंट किंवा डेप्युटी कलेक्टर म्हणजे आपले प्रांतसाहेब, जिल्ह्याला कलेक्टर, काही जिल्ह्यांवर कमिशनर, आणि त्यावर मुंबई सरकारचे रेव्हेन्यू डिपार्टमेंट. त्याहून वर हिंदुस्थान सरकार आणि शेवटी लंडन.

एक कागद हातात धरून ही शिडी चढून पाहू. समजा १८९७ साल आहे, दुष्काळ पडला आहे, आणि करमाळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला विहीर खणायला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, हवी आहे. तगाईसाठी १८८३ आणि १८८४ चे दोन कायदे होते. जमीनसुधारणेची तगाई पहिल्याखाली, बी-बियाणे-बैलांची दुसऱ्याखाली. शेतकरी अर्ज करतो. कुलकर्णी जबाब लिहितो की अमुक सर्व्हे नंबर याच्या खाती आहे, आकार (म्हणजे शेतसारा) इतका, बाकी नाही. मामलेदार पाहणी करून मंजूर करतो किंवा आपल्या अधिकाराबाहेरचे असेल तर प्रांताकडे धाडतो. कर्जरोखा होतो, त्यावर अंगठा आणि दोन साक्षी. तालुक्याच्या तगाई रजिस्टरात नाव चढते. महिन्याच्या तक्त्यात मामलेदार कलेक्टरला कळवतो की तालुक्यात इतक्यांना इतके रुपये वाटले. कलेक्टर वर्षअखेरच्या जमाबंदी रिपोर्टात जिल्ह्याची बेरीज देतो. कमिशनर त्यावर चार ओळी लिहितो. सरकार ठराव काढते की रिपोर्ट वाचला, वाटप समाधानकारक आहे. ठराव छापला जातो आणि त्याच्या प्रती सगळ्या कचेऱ्यांत जातात.

आता पाहा. शेतकऱ्याचे नाव तालुक्यापर्यंत टिकले. जिल्ह्याला पोचेपर्यंत ते गळले आणि उरला फक्त आकडा. म्हणून नाव शोधायचे तर खाली शोधा, गावाची परिस्थिती शोधायची तर वर शोधा. मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन गावच्या साध्या खातेदाराचे नाव शोधणे म्हणजे बहुतेक वेळा फुकटचा हेलपाटा.

एक मोठा अपवाद आहे आणि तो कायम लक्षात ठेवा. ज्याने तक्रार केली त्याचे नाव थेट वर जाते. वतनावरून काढलेला कुलकर्णी, इनाम जप्त झालेला भट, बडतर्फ झालेला फौजदार, पाटीलकीचा वाद हरलेला भाऊ हे सगळे गव्हर्नरला अर्ज करत. असा अर्ज आला की सरकार कलेक्टरकडून खुलासा मागवी, कलेक्टर मामलेदाराकडून, आणि सगळा पत्रव्यवहार एका फायलीत बांधला जाई. तुमच्या घराण्यात कोणी भांडखोर होऊन गेला असेल तर त्याचे उपकार माना. शांत स्वभावाचे पूर्वज कागदात फार कमी सापडतात.

शिडीचा दुसरा उपयोग असा की एका पायरीवरचा कागद जळाला, वाळवीने खाल्ला किंवा मुदत संपली म्हणून नष्ट झाला, तरी त्याची नक्कल खालच्या किंवा वरच्या पायरीवर असू शकते. नष्ट करण्याची रीतही ठरलेली आहे. महसुली कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, बाकीचे त्याहून कमी मुदतीचे. कारकून "ते जतन नसते" म्हणाला तर प्रकरण कोणत्या वर्गात पडते ते विचारा. वर्गाचे नाव घेतले की उत्तर बदललेले अनेकदा दिसते.

जमिनीवरून मागे जा

सर्वसाधारण कुटुंबासाठी सगळ्यात खात्रीची वाट जमिनीची, कारण सरकारला शेतसारा हवा होता आणि साऱ्यासाठी नाव लिहिणे भाग होते.

थोडी पूर्वपीठिका. १८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जुनी व्यवस्था शक्यतो तशीच चालू ठेवली. पुढे प्रिंगल या इंग्रज अंमलदाराने केलेली साऱ्याची आकारणी फसली, रयत गावे सोडून जाऊ लागली. मग १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी नव्याने पाहणी सुरू केली आणि तीच पद्धत इलाखाभर गेली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, खोली आणि दोष पाहून जमिनीची प्रत, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग, आणि तीस वर्षांसाठी ठरलेला आकार. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने हे सगळे एका चौकटीत आणले. कोणाचा काय हक्क आहे ते सांगणारे हक्कनोंदणीचे दप्तर मात्र बरेच उशिरा, १९०३ च्या कायद्याने सुरू झाले आणि १९१३ मध्ये महसूल कायद्याचाच भाग झाले.

यावरून शोधाचा क्रम ठरतो. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. गट आले ते १९४७ च्या तुकडेजोड कायद्याखालच्या एकत्रीकरण योजनेत. म्हणून पहिली भेट तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरीला. एकत्रीकरणाचा जबाब किंवा गटवारी मागा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर कळेल. तो कळल्याशिवाय पुढे सरकू नका, सगळी जुनी दप्तरे सर्व्हे नंबरावर चालतात.

जुना नंबर हाती आला की जुने सातबारे आणि त्यांवरचे वर्तुळातले आकडे पाहा. तो प्रत्येक आकडा एकेका फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा. फेरफार वही काढली की उलट्या क्रमाने विक्री, वाटणी, वारस, गहाण असे सगळे उलगडत जाते आणि वही १९१०-२० च्या आसपासच्या पहिल्या नोंदींपाशी येऊन थांबते. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन झाले आहेत आणि राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहता येतात. आधी तिथे बघा, नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात.

फेरफाराची भाषा एकदा सवयीची झाली की पटापट कळते. नमुन्यादाखल एक नोंद घेऊ, तिच्यातले नाव-नंबर मनचे: "सर्व्हे नंबर ४३ चे कब्जेदार रामा बिन सखाराम हे मयत. वारस मुलगे दोन, धाकटा अज्ञान. थोरला ए. कु. मॅ. म्हणून नाव दाखल करावे. वर्दी देणार याची नि. डा. हा. आं." यातला 'बिन' म्हणजे सखारामाचा मुलगा. मुसलमान आणि काही इतर घराण्यांत तिथे 'वल्द' येते. बायकांच्या नावात 'कोम' आले की पुढचे नाव नवऱ्याचे. 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेला. ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अर्थात जमीन त्याच्या एकट्याची नव्हे. वाटणीच्या दाव्यात ही तीन अक्षरे भल्याभल्यांना पुरून उरली आहेत. नि. डा. हा. आं. म्हणजे निशाणी डाव्या हाताचा आंगठा. आणि सातबाऱ्यावर कंसात गेलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. ते का कमी झाले याचे उत्तर फेरफारात असते, सातबाऱ्यात नसते.

१९०० च्या मागे जायचे तर भूमि अभिलेख खात्याची मोजणीची दप्तरे आहेत. शेतवार पत्रकात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि कब्जेदाराचे नाव. क्लासर रजिस्टरात जमिनीची प्रत. टिपण आणि प्रतिबुकात मापे. सूड आणि कडईपत्रक ही नावेही तिथे कानावर येतील, गावापरत्वे जे शिल्लक असेल ते मागून घ्यावे. क्षेत्र एकर-गुंठ्यांत, चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. आकार रुपये-आणे-पै असा, म्हणजे ३-६-० लिहिले असेल तर तीन रुपये सहा आणे.

इनाम किंवा वतन असेल तर वाट वेगळी आणि, खरे सांगायचे तर, जास्त रसाळ. इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला आणि प्रत्येक इनामदाराला पेशवाईतली किंवा त्याआधीची सनद घेऊन पुरावा द्यावा लागला. त्यामुळे १८५० च्या सुमाराला सांगितलेल्या वंशावळी, जुन्या सनदांच्या नकला, साक्षी असा ऐवज जमा झाला. १८६३ च्या कायद्याने नजराणा घेऊन बरीच इनामे कायम केली आणि इंग्रजी सरकारची सनद दिली. कित्येक घरांत ती अजून फ्रेममध्ये आहे. तिच्यावरचा नंबर आणि तारीख उतरून घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुनी माणसे अजून पेशवे दप्तर म्हणतात, एलिएनेशन ऑफिसचे, म्हणजे इनामांचे काम पाहणाऱ्या कचेरीचे, कागद आहेत. त्या कचेरीत नंबर सांगितला तर काम होते, घराण्याचे आडनाव सांगितले तर बरेचदा नुसती मान हलते.

माणसाची नोंद: शाळा, कोतवाल बुक, खरेदीखत

जमीन नसलेल्यांची वाट अधिक खडतर. गावात जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात होई, महसुली बोलीत गाव नमुना १४. जात तिथे लिहिलेली असते, म्हणून पडताळणीत त्याला वजन आहे. पण नाव कित्येकदा नसतेच, "अमक्यास मुलगा झाला" एवढेच. तेव्हा बापाचे नाव आणि महिना माहीत असल्याशिवाय ओळख पटवणे कठीण.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज, हा सगळ्यात सुटसुटीत पुरावा. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा पुढे जिल्हा परिषदेकडे आल्या, रजिस्टरे बहुधा शाळेतच राहिली. गावात शाळा नव्हती तेव्हा मुले कुठे जात ते वडीलधाऱ्यांना विचारा. शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत नाव निघते.

खरेदीखते आणि गहाणखते दुय्यम निबंधकाकडे. दख्खनसाठी इथे एक खास गोष्ट आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो पुणे-नगरच्या गावांत पसरला, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याला अंधारात ठेवून रोखे करून घेतले जातात ही तक्रार होती, म्हणून पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त नोंदवण्यासाठी वेगळी व्यवस्था झाली. कर्जबाजारीपणाची एवढी तपशीलवार नोंद इतरत्र मिळत नाही.

शिरगणतीकडून मात्र आशा ठेवू नका. १८७२ ला पहिली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी, पण घरोघरची पत्रके बेरजा झाल्यावर जपली गेली नाहीत. हाती येतात ते छापील आकडे. गावात किती घरे, किती माणसे, तालुक्यात कोणत्या जातीचे किती लोक. सगळ्या जातींचे आकडे शेवटचे छापले गेले ते १९३१ च्या शिरगणतीचे.

जिल्ह्याच्या वरचे दप्तर

मुंबई सरकारच्या सचिवालयाचे रेकॉर्ड ऑफिस १८२१ चे, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचे. आज तेच राज्याचे पुराभिलेखागार. अनेक दशके त्याचा पत्ता काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत हा होता. जाण्याआधी हवा तो विभाग कुठे आणि उघडा आहे का, हे फोनवर विचारून घ्या. याच संचालनालयाच्या कचेऱ्या पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. करवीर संस्थानचे कागद कोल्हापूरला. निजामाच्या मुख्य दप्तरासाठी हैदराबादला, तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारात जावे लागते.

मुंबईत कागद खात्यानुसार लावलेले: रेव्हेन्यू, ज्युडिशियल, पोलिटिकल, जनरल, पब्लिक वर्क्स, एज्युकेशनल असे. जुने व्हॉल्यूमात बांधलेले, नंतरचे फायलींत. आत शिरायची किल्ली म्हणजे सूचीग्रंथ आणि सरकारी ठराव. कुठल्याही छापील रिपोर्टाच्या तळटीपेत ठराव नंबर, खाते आणि तारीख सापडली की ती उतरवून ठेवा, त्या तीन गोष्टींवर फाईल मागता येते. कोणते खाते हे ओळखणे हीच पहिल्या दिवसांची कसरत असते. प्लेग कुठे मिळेल? बराचसा जनरलमध्ये, पण प्लेगच्या सक्तीविरुद्धचा असंतोष ज्युडिशियलमध्ये, कारण पोलीस तिकडे. संस्थानांचा सगळा व्यवहार पोलिटिकलमध्ये, आणि १९३३ पासून दख्खनची संस्थाने डेक्कन स्टेट्स एजन्सीमार्फत थेट हिंदुस्थान सरकारकडे गेल्याने पुढचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दिल्लीची सूची आणि पुष्कळ फायली 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. तिथे नोंदणी करून शोध घ्यायचा, पण इंग्रजी स्पेलिंग त्या काळचे घालायचे. जुन्या कागदांत 'पूर' दोन ओ घालून लिहीत, आखूड 'अ'साठी सर्रास यू वापरत, म्हणून साताऱ्यात दोन टी आणि यू निघतात आणि ठाण्याच्या सुरुवातीला नुसता टी येतो. चार-पाच तऱ्हेने टंकून पाहा.

छापील साहित्याकडे नवखे लोक ढुंकून बघत नाहीत, ही मोठी चूक. सरकारच्या रेकॉर्ड्समधून निवडक कागद छापण्याची एक लांबलचक मालिका होती. तिच्यात तालुकावार फेरपाहणीचे रिपोर्ट आहेत: गावोगावची यादी, विहिरी, गाड्या, बैल, बाजारभाव, रस्ते, जुना दर आणि नवा दर. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी आपल्या तालुक्याचा तो रिपोर्ट शोधावा. कमिशनांच्या साक्षी हाही खजिना आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन आपल्याला वाचायला मिळते ते साक्षी छापून ठेवण्याच्या या सरकारी सवयीमुळे. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा साप्ताहिक इंग्रजी गोषवाराही सरकार छापून घेई. मूळ अंक गडप झालेल्या कित्येक मराठी पत्रांचा आवाज आता तेवढ्यातच उरला आहे, अर्थात सरकारी भाषांतरकाराने निवडला तेवढाच.

लंडनला ब्रिटिश लायब्ररीतही मुंबई सरकारच्या प्रोसिडिंगच्या, म्हणजे कामकाजाच्या नोंदींच्या, प्रती आहेत. पण आधी इथले संपवा.

सन, लिपी आणि खुणा

तारखेवर घसरगुंडी होते ती सनामुळे. शक सोपा, ७८ मिळवा. मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात पाचशे नव्याण्णव मिळवा, मृगानंतरचा काळ असेल तर. जानेवारी ते मृग या काळासाठी सहाशे. तो आकड्यात क्वचित असतो, बहुधा अरबी शब्दांत येतो: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. 'तिसा अशर मय्यातैन व अलफ' म्हणजे एकोणीस, दोनशे आणि हजार, सुहूर १२१९, तेव्हा १८१८-१९. फसली या महसुली सनात ५९० मिळवा. मराठवाड्यात फसली सन ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई, म्हणून आजूर १३४० म्हणजे १९३० चा ऑक्टोबर. इंग्रजी महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. रिपोर्टात १८९६-९७ लिहिले असेल तर मार्च-एप्रिलचा हिशोब करत बसू नका.

गावपातळीवरचे एकोणिसाव्या शतकातले बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लटकवलेली असतात. शिकायला जड नाही, पण तुमच्या कामाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा असेल तर ओळीनुसार लिप्यंतर मागा, भावार्थ नको. वकील आणि समित्या ओळीच मागतात.

वाचताना जरा जपून

सरकारी कागद खोटे नसतात, पण हेतूने लिहिलेले असतात. पीक किती आले हे कुलकर्ण्याला गावाच्या बाजूने कमी दाखवायचे होते, कलेक्टरला वसुलीच्या बाजूने बरे दाखवायचे होते. दोन्ही कागद जोडून वाचले की खरा आकडा मधे कुठेतरी असल्याचे कळते. गॅझेटिअरातली जातीजमातींच्या स्वभावांची वर्णने साहेबाच्या चष्म्यातली आहेत, ती पुरावा म्हणून वापरू नयेत. त्याच खंडातला बाजार, पाणी आणि रस्त्यांचा तपशील मात्र बिनघोर घ्यावा. आणि 'रयत संतुष्ट आहे' हे वाक्य दिसले की त्याच सालचे तहकुबी आणि सुटीचे, म्हणजे पुढे ढकललेल्या आणि माफ केलेल्या साऱ्याचे, तक्ते उघडून पाहावेत.

अर्ज कसा लिहावा

अर्जात "आमच्या पूर्वजांचे सर्व कागद मिळावेत" असे लिहिले की तो अर्ज कपाटात जातो. लिहा: मौजे अमुक, तालुका अमुक, जुना सर्व्हे नंबर अमुक, सन १९१५ ते १९३५ चे फेरफार, नमुना सहा, प्रमाणित नक्कल हवी. मोजणीची दप्तरे वेगळ्या कचेरीत, त्यांचा अर्ज वेगळा. दोन्ही एकाच कागदावर मागितले की दोन्ही अडकतात. कोर्ट फी लावा, पोचवर आवक नंबर घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी ठेवा. तो आधीच टाकला की चांगला रेकॉर्ड कीपरही हात आखडता घेतो, आणि कोणत्या रुमालात (कागदांच्या गाठोड्यात) काय आहे ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पुराभिलेखागारात मोबाइलने फोटो काढायची परवानगी आहे का, दर किती, हे आधी विचारा. फोटो काढताना पानाआधी व्हॉल्यूमच्या पाठीवरचा नंबर, खाते आणि साल असलेला फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठले पान कुठले ते उमगत नाही. फायलीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने 'सोबत ठेवावे' अशा अर्थाचा शेरा किंवा दुसऱ्या फायलीचा नंबर असतो, तो न चुकता उतरवा. पुढची मागणी चिठ्ठी त्याच नंबराची भरायची.